अर्धा फेरा मागे

२४ मे, रविवार
निखिलचा फोन. जीपमागे ओढायच्या आमच्या ट्रेलरला गिऱ्हाईक मिळालंय, पुढच्या रविवारी दहाला येतंय. "आई, खड़े-खड़े सड़ रहा है. बेच दो ना यार." मी मराठीत ओरडले, तो हिंदीत समजावत राहिला. विकायचा नाही म्हटलं. दशहरी आंबे उतरले की जवळच्या मलिहाबादच्या बागेत ट्रेलर उभा करून दोन दिवस आत राहायचं ठरलंय आमचं. ठरलं आणि मग ह्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात गेला. म्हणून काय बेत रद्द?
हे खुर्चीत बसून ऐकत होते.

२५ मे, सोमवार
सकाळी शिडी लावली. छत आणि भिंतीच्या सांध्यावरची पांढरी प्लॅस्टिकची पट्टी वीतभर तडकलीय. पाऊस आला की पाणी थेट गादीवर. निखिलचं "सड़ रहा है" ते हेच. हे जोडलं की त्याचं तोंड बंद.
सरोजिनी नगरचा हार्डवेअरवाला पट्टीचा निखळलेला तुकडा बघून म्हणाला, "आंटी, ये नहीं जुड़ेगा. नया मिलेगा नहीं. भाईसाहब को भेजिए, उनको समझा देंगे." भाईसाहबांना! म्हटलं, भाईसाहब घरी चहा पिताहेत, मला समजवा.
प्लॅस्टिक विरघळवायला ॲसिटोन घेऊनच आले.

२६ मे, मंगळवार
हे खुर्चीतून हुकूम सोडतात, मी करते. पट्टी उतरवली. तडा संपतो तिथे बारीक भोक पाडायचं, म्हणजे तो पुढे पळत नाही. ड्रिल पहिल्यांदाच हातात धरली. जमलं की!
भरायला ॲसिटोनमध्ये विरघळणारं प्लॅस्टिक हवं. मिठाच्या डब्याचा तुकडा टाकून पाहिला, ढिम्म. मग जुना लँडलाइन फोन. ह्यांच्या बदल्यांच्या बातम्या ज्याच्यावर यायच्या तोच. हातोडीने फोडला. फार बरं वाटलं.

२७ मे, बुधवार
बरणीत फोनचं पिठलं तयार. पट्टीच्या आतून जाळीचा तुकडा ठेवून थापलं. वास डोक्यात गेलाय. पोळ्या करपल्या. असू देत.

२८ मे, गुरुवार
पट्टी चढवली. स्क्रू मनगट दुखेपर्यंत आवळले. प्रत्येकावर माझ्या लाल नेलपॉलिशची रेघ, स्क्रूच्या डोक्यावरून खाली पट्टीपर्यंत. एअरफोर्सच्या विमानांवर ह्यांनी जन्मभर हेच केलं. आवळा, रेघ ओढा, रेघ तुटली की समजा स्क्रू हलला. आमच्या घरात पंख्यावर रेघ, कुकरच्या दांड्यावरही रेघ.
"शाब्बास," म्हणाले. निखिलला फोटो पाठवला. उत्तरात नुसता अंगठा.

२९ मे, शुक्रवार
भाजून काढणारं ऊन. चारला टक्क आवाज. नवा तडा, एका स्क्रूपासून निघालेला. माझा सांधा शाबूत, पट्टी शेजारी फुटली!
रडले नाही. शिव्या दिल्या, अस्सल साताऱ्याच्या. शेजारची गच्चीवरून, "क्या हुआ भाभीजी?" म्हटलं, कुछ नहीं, पूजा चल रही है.

३० मे, शनिवार
निखिलला फोन केला, त्या माणसाला नको म्हणून सांग. तो म्हणाला, "आई, पापा ने ही बोला था बेचने को."
तडक ह्यांच्यापुढे. "तुम्ही?"
"अगं, हात चालत नाही माझा. रोज खिडकीतून ते बघवत नाही."
वाईट वाटलं. पण त्याहून जास्त राग आला. म्हटलं, तुमचा एक हात गेलाय, माझे दोन आहेत. बघवत नसेल तर डोळे मिटा. मी जोडणार आणि मलिहाबादला जाणार. जीप मी चालवीन. तुम्ही आलात तर ठीक, नाहीतर
जाऊ दे.

संध्याकाळी आपणहून काठी टेकत बाहेर आले. तापलेल्या पट्टीवर डावा हात ठेवून म्हणाले, "चूक माझी. हे विमान नाही. प्लॅस्टिक उन्हात लांबतं, त्याला हलायला जागा लागते. भोकं मोठी कर. स्क्रू आवळ आणि अर्धा फेरा मागे घे."
सैल स्क्रू दिसला की हाताखालच्या पोरांना मैदान पळायला लावणारा हा माणूस! पट्टी उतरवून भोकं मोठी केली. नवा तडा भरून ठेवलाय.

३१ मे, रविवार
सहालाच पट्टी चढवली. सगळे स्क्रू अर्धा फेरा मागे. नेलपॉलिश उघडली तर ह्यांनी डावा हात पुढे केला. "शेवटचा मी." रेघ स्क्रूवरून सुटून पट्टीभर वाकडीतिकडी गेली.
"पुसू?"
"राहू दे."

दहाला फाटक वाजलं. गिऱ्हाईक ट्रेलरभोवती दोनदा फिरलं. "अंकल, ये लाल-लाल क्या लगा रखा है?" हे नुसते बघताहेत त्याच्याकडे. डावा हात खिशात, काहीतरी घट्ट धरून.
मी चहाच्या निमित्ताने आत आलेय. आधण ठेवलेलं नाही. खुंटीवर जीपची चावी नाही. मी काढलेली नाही.