टबावरून थोबाडीत

मंगळवार, संध्याकाळ

दुपारी शिंदेकाकूंचा मुलगा पार्लरमध्ये घुसला. काकूंना शुगर आहे, आणि आमच्याकडे पेडिक्युर केल्यावर त्यांचा अंगठा पिकला.

"आईचे पाय कुणी केले?"

"मी," माझी भागीदार रेखा म्हणाली. त्याने सरळ तिच्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. मग पायांच्या टबाला लाथ. पाणी फरशीभर.

माझ्या हातात टाचा घासायची किसणी होती. खरं लिहिते, ती त्याच्या तोंडावरून ओढावीशी वाटली. हात उचललाही होता.

तेवढ्यात काकू लंगडत आत आल्या. "अरे मेल्या, या पोरी नकोच म्हणत होत्या! शुगर असली की पाय भिजवायचे नाहीत, कोरडंच करू म्हणाल्या. मीच हटून बसले, पाण्याशिवाय कसलं पेडिक्युर म्हणून."

त्याची मान खाली गेली. "सॉरी, आई."

आईला सॉरी! रेखा समोर ओठाला नॅपकिन लावून उभी, तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती किसणी... ओढली असती का मी? कदाचित हो.

रेखा म्हणत होती, जाऊ दे, देवळालीच्या बाजारात बोभाटा होईल. मी ऐकलं नाही. तिला स्कूटरवर बसवून थेट पोलीस चौकीत नेलं. हवालदाराने विचारलं, "भांडण कशावरून झालं?"

मी तोंड उघडायच्या आत रेखाच बोलली, "भांडण नाही झालं, साहेब. त्याने मला मारलं."