उजवा हात पुढे

१२ एप्रिल, रविवार. नागाव.
पतंगाच्या चारही दोऱ्या टेपने मोजल्या. मागची डावी ११ मि.मी. लांब निघाली. गाठ मागे घेतली. जमीनमोजणीत अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला ११ मि.मी. खपत नाहीत.
१२.५० ला जमिनीकडची मतलई पडली, समुद्रावरून खारा वारा लागला. दीड तास पाण्यावर. पायाखाली फळी, कमरेला पतंग. पोरं काइट म्हणतात. मी पतंगच म्हणतो.
तीन वर्षं व्हिडिओ बघून, पडून, खारं पाणी पिऊन शिकलो. क्लास नाही. एकाही माणसाला विचारलेलं नाही. त्रेपन्नाव्या वर्षी पहिली शर्यत, येत्या शनिवारी.

१५, बुध.
कालच्या जयंतीच्या मिरवणुकीने पोटऱ्या भरल्यात. सौ. म्हणाली, "नाचायला कुणी सांगितलं होतं?"
कचेरीत बातमी फुटली. जाधव क्लार्क : "साहेब, उडत मुंबईला जाऊ नका. सह्या राहिल्यात." रविवारी अंतिम फेरी बघायला सगळे येणार म्हणे. अरे, आधी तिथवर पोचू तर दे. पण बरं वाटलं.

१७, शुक्र.
नावनोंदणी. सोळा जण. मी सगळ्यांत थोरला. वळणाच्या खुणेला पाण्यात तरंगत ठेवलेल्या दोन बोयांमधलं अंतर विचारलं तर संयोजक म्हणे, "अंदाजे पाचशे." अंदाजे!
पूर्वा म्हणून एक आहे, तिशीची, म्हसळ्याला नर्स. चांगली खेळते म्हणतात. मला म्हणाली, "काका, नियमांचं पत्रक वाचलंत ना? वाट कुणी कुणाला द्यायची ते?"
म्हटलं, "बाई, गावोगावच्या हद्दी मी ठरवतो."
हसली. पत्रक पिशवीत टाकलं.

१८, शनि. दु. ४.१०
सहावा! सोळांत सहावा!
वारा मेला, म्हणून एकच शर्यत झाली. तीच धरणार. पहिले दहा उद्याच्या अंतिम फेरीत.
एक गालबोट. दुसऱ्या बोयाच्या अलीकडे पूर्वा समोरून सरळ अंगावर आली. "काका, वाट!" म्हणून किंचाळली. मी हटलो नाही. ऐन वेळी तिने पतंग फिरवला, पाण्यात आपटली. उठून पुन्हा निघेपर्यंत पाच जण पुढे. अकरावी आली. एका नंबराने हुकलं तिचं.
वाईट वाटलं. पण ओरडून म्हाताऱ्याला बाजूला करायचं, ही काय रीत? तक्रार लेखी देणार.

त्याच दिवशी, सं. ६.३०
तक्रारीत कलम हवं म्हणून पत्रक काढलं. पेन्सिल घेऊन बसलो.
दोघे समोरासमोर आले तर ज्याचा उजवा हात पुढे, त्याची वाट. दुसऱ्याने हटायचं.
तिचा उजवा पुढे होता. माझा डावा.
आकृती काढली. वाऱ्याची दिशा, बोया, ती, मी. खोडून पुन्हा काढली. मग सौ.ला अंगणात उभी केली आणि समोरून चालत गेलो. "अहो, आपटाल!" म्हणत तीच बाजूला झाली.
खालचं कलम. पंच शिट्टी मारत नाही. चुकणाऱ्याने आपणहून तिथल्या तिथे एक गिरकी घ्यायची. गिरकी राहिली, तर शर्यतीतून आपणच बाहेर व्हायचं.
मी बाहेर झालो तर खालचे सगळे एकेक वर सरकतात. पूर्वा दहावी.
तिने तक्रार केलेली नाही. करू शकत होती.
सौ.ला सांगितलं. "आणखी कुणाला कळलंय?"
"नाही."
"कचेरीतली माणसं येतायत उद्या. माझी बहीण येतेय पेणहून." मग भाजी निवडत बसली. निवडून झाल्यावर, "सांगून टाका. नाहीतर महिनाभर आकृत्या काढाल."
तीन वर्षं...

१९, रवि. स. ८.१५
लिहून दिलं. पंच म्हणाले, "अहो, तक्रारीची मुदत कालच संपली. कुणी काही बोललेलं नाही. खेळा की!"
म्हटलं, तक्रार नाही ही. माझं नाव खोडा.
खोडलं.
पूर्वाला फोन लावला. ती कालच म्हसळ्याला परतलेली. सगळं ऐकून घेतलं तिने.
"काका, आत्ता सांगताय? बाराची ड्यूटी आहे माझी."
मी घड्याळ बघितलं.
"शर्यत किती वाजता?"
"दोन."
"कुणी बदली मिळतंय का बघते." ठेवला. माफी मागायची राहिलीच.
म्हसळा ते नागाव, तीन तास तरी.

दु. १.२५, किनाऱ्यावर
जाधव आणि मंडळी आली. "साहेब, अजून शर्टपँटमध्येच?" सांगितलं. एकदाच, पूर्ण. कुणी थट्टा केली नाही. त्याचंच जास्त लागलं.
खारा लागलाय. वाळूवर नऊ पतंग फुगवून तयार. फळ्यावर दहावी ओळ कोरी, पंच खडू घेऊन. पावणेदोनपर्यंत थांबतो म्हणाले.
फोन लागत नाही तिचा. निघाली असेल, घाटात असेल, किंवा ड्यूटीवर.

१.४१
सौ. म्हणते, सावलीत बसा. पण इथून रस्ता दिसतो. उभाच आहे.