दुमडलेलं टोक

प्रिय दादा,

फोन केला असता तर दुसऱ्या वाक्याला तू हसला असतास आणि तिसऱ्याला "साइटवर आहे गं, नंतर बोलू" म्हणाला असतास. पत्र मध्येच तोडता येत नाही, म्हणून पत्र. आज शनिवार. ऑफिस दोन वाजता रिकामं झालं, आणि मी माझ्याच टेबलाशी बसून लिहितेय. आधीच सांगते, मी रागावले आहे. मी आवाज चढवत नाही, त्यामुळे माझा राग लोकांना कळत नाही. तुला मात्र कळायचा. ही चिडली की जास्त नीट बोलते, असं तू आईला सांगायचास. आज मी फार नीट लिहिणार आहे.

परवा, सोमवारी अकरा वाजता तात्यांची सुनावणी आहे. तारीख तुला माहीत आहे, तुझ्याच जबाबावरून ती लागली. टेकडीवरचं सहाशे बारा चौरस मीटरचं ते घर मार्चमध्ये हवागळतीच्या चाचणीत पास झालं आणि सप्टेंबरच्या फेरतपासणीत नापास झालं. नगरपालिकेने तुझ्याकडे खुलासा मागितला. तू लेखी दिलंस की छताचं काम तात्यांकडे होतं, रंगकामाची धूळ आत जाऊ नये म्हणून त्यांनी छतातल्या हवेच्या जाळ्या चिकटपट्टीने झाकल्या, चाचणीआधी पट्ट्या काढायला विसरले, मग आठवल्यावर काढल्या. सव्वा पान, खाली तुझी सही. तेवढंच खरं धरलं तर सोमवारी त्यांचा कामाचा परवाना रद्द होईल, आणि एकसष्टाव्या वर्षी छतकाम करणाऱ्याला नवा परवाना कुणी देत नाही. तुला थापी धरायला ज्यांनी शिकवलं ते हेच तात्या. पहिल्या कामावर तू भिंत ओळंब्याबाहेर बांधलीस तेव्हा मालकाला "माझी चूक" म्हणून सांगणारेही हेच. खापर फोडायला तू डोकं अगदी ओळखीचं निवडलंस.

नियमाबद्दल तुझं मत मला ठाऊक आहे. श्रीमंतांच्या घरातली हवा मोजायला नगरपालिका हिला पगार देते, हे तू माझ्यासमोर तुझ्या तीन मित्रांना सांगितलं आहेस, आणि तिघंही हसले होते. तीनशे चौरस मीटरच्या वरचं नवं घर असेल तर छप्पर आणि भिंती तापू नयेत असा थर हवा, काचा दुहेरी हव्यात, आणि घर गळकं नको, नाहीतर भोगवटा दाखला नाही. नियम एवढाच आहे. तो का आहे, हे तू आईच्या खोलीत बसून कधी पाहिलं नाहीस, कारण तू येतोस संध्याकाळी. उन्हाळ्यात दुपारी तीन वाजता तिचा पंखा रेंगाळायला लागतो. पाती मोजता येतात. टेकडी आणि आपली गल्ली एकाच ट्रान्सफॉर्मरवर आहेत, आणि आपण तारेच्या शेवटच्या टोकाला. मी मे महिन्यात आठ दिवस दोन्हीकडे मीटर लावून बघितलं. तू बांधलेलं ते एक घर दुपारी आपल्या गल्लीतल्या एकोणीस घरांएवढी वीज ओढतं, आणि त्यातला मोठा भाग थंड केलेली हवा गच्चीतून आकाशात सोडण्यावर जातो. आई ओला टॉवेल मानेवर घेऊन बसते आणि म्हणते, पंखा म्हातारा झालाय, माझ्यासारखा. पंखा दोन वर्षांचा आहे, दादा.

गेल्या वर्षी जानेवारीत एका रविवारी तुझ्याकडे जेवायला आले होते. वहिनी टेबलावर फळं कापत होती. तू म्हणालास, मोजपट्टी, तुमची ती चाचणी असते तरी काय, मला अडाण्याला समजेल अशा भाषेत सांग. माझ्या कामाबद्दल तू पहिल्यांदाच काही विचारलं होतंस. मी एरवी कुणाला काही सांगत बसत नाही, पण त्या दिवशी कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून चित्र काढलं. सगळी दारंखिडक्या बंद करायची, पुढच्या दारात कापडी चौकट ताणून तिच्यात पंखा बसवायचा आणि घरातली हवा बाहेर ओढायची. मग जिथे जिथे भेग आहे तिथून बाहेरची हवा आत शिरते. ती किती शिरली ते पंखा सांगतो. तासाभरात घरातली सगळी हवा तीनपेक्षा जास्त वेळा बदलली तर घर नापास. तू पुढे झुकून ऐकत होतास. वहिनी म्हणाली, बघा, भाऊ-बहीण आज भांडत नाहीयेत. मग तू विचारलंस, आणि छतातल्या जाळ्या झाकून टाकल्या तर? मी हसून म्हणाले, मग आकडा सुंदर येईल, जाळीच्या मागे कोण बघतो, आमच्या यादीत तसा रकानाच नाही.

ते वाक्य माझं आहे. गेले बारा दिवस मी ते रोज ऐकते. मी दुधखुळी नाही, फक्त तू विचारलंस याचा मला आनंद झाला होता.

फेरतपासणीला दहातलं एक घर चिठ्ठी काढून निवडतात. तुझं निघालं. मी साहेबांना लगेच सांगितलं की हे घर माझ्या भावाने बांधलंय, दुसऱ्या कुणाला पाठवा. ते म्हणाले, म्हणूनच तू जा, तू भावाच्या घरात दोन दशांश जास्तच मोजशील. मी गेले. मार्चमध्ये माझ्या सहकाऱ्याने मोजलेला आकडा होता दोन पूर्णांक सहा. मला मिळाला सात पूर्णांक नऊ. पंखा तपासला, चौकट पुन्हा ताणली, तीनदा मोजलं. सहा महिन्यांत घर इतकं म्हातारं होत नाही. मग शिडी लावली आणि वरच्या मजल्यावरची एक जाळी स्क्रू काढून उतरवली. मागे छताची पोकळी, पोकळीला लागून नळ आणि वायरींचा उभा बोगदा, आणि तो वर गच्चीपर्यंत सताड उघडा. तो मजल्यागणिक बंद करायचा असतो. घाईत तुझ्याकडून राहिला असणार, आणि छत बंद झाल्यावर लक्षात आलं असणार. इथपर्यंत मी तुला माफ करते. चूक होते. मी पण चुका करते, आणि त्या खोडून शेजारी सही करते. पण चौदाच्या चौदा जाळ्यांच्या आतल्या बाजूला गोंदाचे डाग होते. आतल्या बाजूला. धूळ अडवायची असेल तर पट्टी पुढून लावतात. मागून लावायची ती बघणाऱ्याला दिसू नये म्हणून. तुझ्या सव्वा पानात याबद्दल एक अक्षर नाही, आणि ऑफिसात ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

अकराव्या जाळीच्या मागे पट्टीचा एक तुकडा राहिला होता. चंदेरी, तळहाताएवढा लांब. एक बाजू फाटलेली. दुसऱ्या बाजूचं टोक आत दुमडलेलं, साधारण एक सेंटिमीटर, कोपऱ्यात किंचित तिरकं.

शाळा सुरू व्हायच्या आदल्या रविवारी तू माझ्या सगळ्या वह्यांना कव्हरं घालायचास. मी आठ वर्षांची, तू सोळा. खाकी कागद, मोठी कात्री, आणि आईने शिवणाच्या डब्यात लपवलेली चिकटपट्टी. प्रत्येक वेळी पट्टी कापली की उरलेल्या गुंडाळीचं टोक तू एक सेंटिमीटर आत दुमडायचास. मी विचारलं होतं, पट्टी वाया का घालवतोस? तू म्हणालास, पुढच्या माणसाला टोक शोधत नखं मोडायला लागू नयेत. मी तेव्हापासून तसंच करते. ऑफिसातल्या प्रत्येक गुंडाळीचं टोक दुमडलेलं असतं, आणि लोकांना वाटतं ही माझी सवय. तुझ्याबद्दल कुणी वाईट बोललं की मी मनात हीच गोष्ट काढायचे. जो माणूस पुढच्या माणसाच्या नखांचा विचार करतो तो मुळात वाईट नसतो, असा माझा हिशेब होता. त्या शिडीवर उभी राहून मी ती पट्टी हातात धरली, आणि कुणी लावली हे शोधायला मला कोणतंही उपकरण लागलं नाही. तात्या पट्टी दाताने तोडतात. त्यांच्या पट्टीच्या कडेला करवतीसारखे दाते असतात. त्यांनी उभ्या जन्मात एक टोक दुमडलेलं नाही, आणि त्यावरून तू त्यांना माझ्यासमोर कितीदा बोलला आहेस.

आता माझं ऐक, कारण तुझ्यावर एवढं रागावून मी स्वतः सोवळी नाही. ती पट्टी मी खिशात टाकली. अहवालात आकडा लिहिला, गोंदाच्या डागांचं लिहिलं, पट्टीचं लिहिलं नाही. मी, जी तापमान दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिते. पट्टी अकरा दिवस माझ्या वहीच्या मागच्या पानाला चिकटवलेली होती. मला वाटलं, तू स्वतः येशील, बोगदा राहिला म्हणशील, छत उघडशील, तीन आठवडे जातील, मालक ओरडेल, संपेल. नवव्या दिवशी तू तात्यांचं नाव दिलंस. म्हणजे मी जी जागा रिकामी सोडली तिथे तू त्यांना उभं केलंस.

दहाव्या दिवशी मी तात्यांकडे गेले. दोन खोल्या, बाहेर साखळी लावलेली सायकल, आणि ते खाटेवर बसून जुन्या वेष्टनातले स्क्रू आकाराप्रमाणे वेगळे करत होते. काम नाही, मग हातांना काहीतरी हवं, म्हणाले. मी विचारलं, तात्या, तुम्ही लावल्या होत्या का पट्ट्या? त्यांनी हातातला स्क्रू त्याच्या ढिगात ठेवला. मग म्हणाले, अगं, दादा म्हणतोय तर लावल्या असतील. मला आठवत नाही, पण हल्ली मला चष्मासुद्धा कुठे ठेवला ते आठवत नाही. त्याला किती त्रास झाला असेल माझ्यामुळे. आणि मला चहा पिऊन जा म्हणाले.

मी सहा वर्षांची असताना घरातला तापमापक फुटला होता. तू आईला सांगितलंस, हिने फोडला. मला काही आठवत नव्हतं, पण दादा सांगतोय म्हणजे फोडला असेल. पुढे कितीतरी वर्षं मी काचेची वस्तू हातात घ्यायला घाबरायचे. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षी काचेची नळी मी शेजारणीला धरायला सांगायचे. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी तू सगळ्यांसमोर हसत सांगितलंस की तो तूच फोडला होतास. सगळे हसले, मीही हसले. तात्यांच्या खाटेसमोर मला पहिल्यांदा कळलं की त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. तू नुसतं खोटं बोलत नाहीस, दादा. तू समोरच्याची आठवण काढून घेतोस आणि तिथे तुझी ठेवतोस. आणि आम्हाला तू आवडतोस, म्हणून आम्ही ती ठेवून घेतो.

हे पत्र मी तुला वाचवायला लिहीत नाहीये, तसा गैरसमज नको. काल, शुक्रवारी, मी पुरवणी जबाब दिला. आवक नोंद झाली आहे, शिक्का आहे. त्याला पट्टी जोडली आहे. पट्टी अकरा दिवस मी लपवली हे त्यात आहे. जाळीच्या मागे कोण बघतो हे वाक्य माझं आहे, आणि ते मी कुणाला, कुठे, केव्हा म्हणाले, तेही आहे. साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, आणि म्हणाले, तुझ्या नोकरीचं मी आज काही सांगू शकत नाही. तपासणीच्या यादीत मात्र नवा रकाना आला: जाळी उतरवून पाहिली का. ते सगळं झालं, ते बदलणार नाही. पण सोमवारी बोलावण्याचा क्रम मी नोटीस-बोर्डावर वाचला. पहिला तू, मग तात्या, मग मी. तिसऱ्या क्रमांकावर उभी राहून मी कागद वाचला, तर पट्ट्या त्यांनी लावल्याच नव्हत्या, ते काहीच विसरले नव्हते, हे तात्यांना कळेल, पण ते एका कागदावरून. ते त्यांना तुझ्या तोंडून कळायला हवं. ते समोर बसलेले असतील, त्यांच्याकडे बघून, साध्या भाषेत, अडाण्याला समजेल अशा. तेवढ्यासाठी लिहिलं. तू बोललास तर मला वाचावं लागेल ते कमी असेल. नाही बोललास तरी मी वाचेन, आणि आवाज चढवणार नाही. पाकीट मी चिकटपट्टीने बंद करून आज संध्याकाळीच वहिनीच्या हातात देईन. टोक दुमडलेलं असेल, तुला शोधत बसावं लागणार नाही.

तुझीच,
मोजपट्टी