लाईन सोडण्याआधीची हाक

मी, चांगुणाबाई, कालकथित दत्तराव खिल्लारे यांची पत्नी, वय ६९, अंगणवाडीतून निवृत्त, रा. बोरी, ता. जिंतूर, जि. परभणी, लिहून ठेवते की माझे हृदय थकले असले तरी डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली नाही. भीतीपोटी आहे.

१. पत्र्याचे घर व पोस्टातील ठेव सून नीलम हिला. दीर सिद्धोधन यांनी नेलेली शिडी परत आणून द्यावी. शिलाई मशीनवरची त्यांची नजर काढून घ्यावी.

२. माझा मुलगा धम्मदीप लाईनमन होता. तो खांबावर असताना खाली त्याच्या जोडीच्या मुंजाजीने हाक न देता डीपीचा खटका वर करून लाईन सोडली. धम्मदीप तारेवरच गेला. चौकशीत म्हणाला, मेसेज टाकला होता. खांबावरचा माणूस मोबाईल बघतो का? धम्मदीपचा कमरपट्टा, पक्कड व रबरी हातमोजे त्याची मुलगी सुकेशनी हिला. ती त्याच्याच जागी लागली आहे. मी तिच्या पाया पडले, तरी ऐकले नाही. ती वर चढते तेव्हा खाली मुंजाजीच असतो. माझ्या जिवाचे पाणी पाणी होते.

३. सुकेशनी जेवताना मोबाईलवर जपानी कार्टून बघते. त्यातली पोरे वार करण्याआधी वाराचे नाव बोंबलून सांगतात. मी विचारले, ही येडी आहेत का, समोरचा सावध होईल की. ती म्हणाली, "आज्जे, नाव घेतल्यानं जोर येतो, आन् समोरच्याला बी कळतं. न सांगता मारलं तर ती लढाई न्हाई, खून हाय." माझा घास हातातच राहिला. ती कार्टुने नीलमने बंद करू नयेत.

४. मुंजाजीला काही देत नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नसते, असे वकील म्हणाले, म्हणून त्यालाच साक्षीदार केले. माफ केलेले नाही. पण पदर पसरून मागते: खटक्याला हात लावण्याआधी माझ्या नातीला हाक द्यावी, ती ओ देईपर्यंत थांबावे. हे कायद्यात बसत नाही म्हणतात. मग मी कुठे लिहू?

५. एवढे वाचून दाखवल्यावर मुंजाजीने सहीसाठी पेन उचलले. मी म्हटले, आधी हाक. त्याने आतल्या दाराकडे तोंड केले. मग घसा खाकरून म्हणाला, "सुकेशनी, लाईन सोडू का?"

आतून, चुलीजवळून, आवाज आला, "थांबा काका. मी आजून खांबावरच हाय."

मुंजाजीने पेन खाली ठेवले. ती बाहेर येऊन "उतरले" म्हणाली, तेव्हाच त्याने ते पुन्हा हातात घेतले. आता मी सही करते, मग दोघे साक्षीदार करतील.

सही: चांगुणाबाई दत्तराव खिल्लारे
साक्षीदार: १. मुंजाजी  २. सिद्धोधन खिल्लारे
ठिकाण: बोरी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४