आडवी केलेली स्कूटर

शिक्रापूर, बुधवार

सौ. धुरपदा वन्सं, तुमच्या भावजयीचा, मुक्ताचा नमस्कार.

तुमचे गुडघे आणि हौसराव भावजींचा खोकला उताराला लागला असेल. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त कासुर्डीहून आल्यापासून पोटात जळतंय, आणि ते तुमच्या ठेच्यानं नाही, तुमच्या नव्या स्कूटरनं. ह्यांची जुनी स्कूटर देऊन तू पण अशीच घे, असं म्हणून तुम्ही रविवारपर्यंत उत्तर मागितलंत. त्याआधी, तुमची स्कूटर घेऊन यवतच्या बाजारात गेले तेव्हा काय झालं ते माझ्याकडून ऐका (भावजी सांगतात त्यात मीठ जास्त असतं).

भाजी घेऊन परत निघाले, चावी फिरवली, बटण दाबलं, तर गाडी गप्प. साइड स्टँड खाली असला की ही बया चालू होत नाही, हे मला कोण सांगणार? मग तेवीस वर्षं ह्यांच्या गॅरेजात जे पाहिलं तेच केलं. गाडी उजव्या अंगावर आडवी केली, दहा अंक मोजले, उभी केली. आमच्या स्कूटरला एवढ्यात पेट्रोल पोचतं. तुमचीनं नुसता पिवळा दिवा दाखवला. पुन्हा आडवी, पुन्हा उभी. तिसऱ्यांदा कांदेवाली म्हणाली, "अगं बाई, तिला निजवतीयास का उठवतीयास?" सगळा बाजार हसला (मेथीची जुडी चाकाखाली गेली ती वेगळीच). शेवटी इम्तियाजला फोन केला. ह्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता यवतला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्यानं स्टँड वर केला, चावी बंद करून परत फिरवली, बटण दाबलं, झालं. "वहिनी, आडवी झाली की हिला वाटतं आपण पडलो. मग ती पेट्रोलच तोडती. चावी बंद करून चालू केली की तिला कळतं, उठलो म्हणून."

घरी आल्यावर वाचनालयातून गाड्यांच्या इंजिनांवरचं पुस्तक आणलं. आमच्या जुन्या गाडीतल्या कार्बुरेटरचं काम साधं. इंजिन श्वास ओढतं, त्या वाऱ्याबरोबर बारीक भोकातून पेट्रोल ओढलं जातं. थंडी की ऊन याची त्याला खबर नसते, ती माणसानं ठेवायची आणि स्क्रू पाव फेरा फिरवायचा. तुमच्या गाडीत टाकीतला पंप पेट्रोलला दाब देतो, आणि इंजेक्टर नावाची पिचकारी किती वेळ उघडायची ते एक छोटा संगणक ठरवतो. ही पिचकारी आधी डिझेलच्या इंजिनांत आली (आमच्या चौकातले ट्रक कायमचे तिच्यावरच), मग विमानांत, मग महागड्या मोटारींत, आणि धुराचे नियम कडक झाल्यावर, २०२० पासून, तुमच्या दारात. हा संगणक इंजिनाची सारखी चौकशी करतो. तापलंस का? हवा किती आली? सायलेन्सरच्या नळीत तर एक सेन्सर धूर हुंगत बसलेला असतो, पेट्रोल जास्त झालं की कमी ते सांगायला.

इथं मी पुस्तक मिटलं. धूर हुंगायचं काम ह्यांचं होतं. सायलेन्सरशी नाक नेऊन म्हणायचे, "जास्त पितीया." वन्सं, तुम्ही गाडी चालवता आणि भावजी पिशवी धरून मागं बसतात, त्याचा मला थोडा (बराच) हेवा वाटतो. पण त्याहून जास्त त्या गाडीचा वाटतो. क्षणाक्षणाला तिची विचारपूस करणारं कुणीतरी आहे. पडली तरी तिला उठवता येतं.

तरीही माझं उत्तर, नाही. ह्यांची स्कूटर दारातून हलणार नाही. राग मानू नका, मानलात तरी दिवाळीला याच.

तुमची,
मुक्ता

ता. क. आज सकाळी आमचीला आडवी केली, दहा मोजले, अठ्ठावीस किका मारल्या. चालू झाली नाही. हे गेल्यापासून एकदाही झालेली नाही, तेवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

ता. क. २. निळा रंग मिळतो का बघा. रविवारी जुनी न्यायला टेम्पोच पाठवा, कार्बुरेटर मी काढून घेतलाय. तो ह्यांच्या चष्म्याशेजारी ठेवणार आहे. आणि नवी येईल त्या दिवशी तुम्ही या, वन्सं. मागं पिशवी धरायला कुणीतरी हवं.