बिनदुधाचे दिवस

३ मार्च

दूध उतू गेलं. सगळी शेगडी भरली. माझं लक्ष नव्हतं – कांदा कापत होते, डोळ्यांना धार लागलेली. हे काठी टेकत दारात आले. शेगडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "उद्यापासून घरात दूध आणायचं नाही." आणि आले तसे बाहेर गेले.

चाळीस वर्षं हे घर दुधावर चाललं. पिशवीचं पहिलं दूध आणलं आणि त्याच दिवशी हा हुकूम! गाई परवा गेल्या. ह्यांची कंबर गेली, बादली उचलायला डॉक्टरांनी बंदी केली. मुलगा-सून शहरात नोकरीला. चार गाई माझ्या एकटीच्यानं होत नाहीत. नदीपलीकडच्या तरुण जोडप्याला दिल्या. चांगली माणसं आहेत. ठिपकी गाडीत चढेना तेव्हा मारलं नाही तिला, थांबले.

हट्टी माणूस. गाई गेल्याचा राग दुधावर काढायचा.

४ मार्च

डबे काढून बसले. तांदूळ आहेत. मसूर, मूग, हरभरे, पांढरा राजमा. ओट. शेंगदाणे बरेच, तीळ थोडे. पीठ, तेल. बटाटे टोपलीभर. कांदे नाहीत – गाई विकायच्या गडबडीत दोन आठवडे बाजारच झाला नाही. कोपऱ्यात जुन्या चिंचेचा गोळा निघाला, दगडासारखा.

अंड्यांनी ह्यांच्या अंगावर पित्त उठतं. मांस परवडत नाही. गाईंचे पैसे ह्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेत, त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे जे काय करायचं ते या डब्यांतून.

आणि मला काय येतं? सुपात साय घालायला येते. बटाट्यावर लोणी घालायला येतं. ओट दुधात शिजवायला येतात. दूध काढून घेतलं तर माझ्या स्वयंपाकात उरतं ते मीठ.

५ मार्च

नदीपलीकडून नवी मालकीण सायकलवरून दूध घेऊन आली होती. फुकट, प्रेमानं. ह्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. मला हाकसुद्धा मारली नाही, किटली दिसूही दिली नाही. मला शेजारच्या शिंपिणीकडून कळलं.

६ मार्च

दवाखान्यात गेलो. वजन पुन्हा उतरलंय. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलल्या – एवढ्या अशक्त माणसाला टेबलावर घेणार नाही. अंगात काही भरलं तर २८ तारखेला ऑपरेशनचा दिवस ठरवू, नाहीतर नाही. ऑपरेशन झालं नाही तर पावलं बंद होतील, हेही सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं चाललंय.

दुपारी मसुराचं सूप केलं. पाण्यासारखं झालं. चार चमचे घेतले आणि वाटी सरकवली. ‘भूक नाही.’ दूधवाल्याचं घर आणि भूक नाही!

भीती वाटते. लिहून टाकलं, बरं वाटलं.

७ मार्च

सुनेला फोन केला. सगळं ऐकून हसली. म्हणाली, आई, शहरात लोक मुद्दाम असं जेवतात, त्याला व्हीगन म्हणतात. मी म्हटलं, आमच्याकडे मुद्दाम नाही, हट्टानं चाललंय. मग नीट बसून सांगितलं तिनं, गुणाची आहे. डाळ एकटी द्यायची नाही, सोबत भात किंवा पाव हवाच. तीळ हाडांना चांगले. शेंगदाणे भरपूर वापरा, बाबांना चरबी हवीच आहे. साय नसली तर घट्टपणा कशानं येतो ते शोधा.

कशानं येतो? पन्नाशी उलटल्यावर आता अभ्यास.

८ मार्च

पहाटे उठून ह्यांनी रिकामे कॅन धुतले. रोज धुतात.

११ मार्च

आता हाताला वळण पडतंय. संध्याकाळी एक कडधान्य भिजत घालायचं आणि त्याचे दोन-तीन दिवस काढायचे. हरभरे शिजवले – पहिल्या दिवशी बटाटा घालून रस्सा. दुसऱ्या दिवशी उरलेले ठेचून, ओटाचं पीठ मिसळून तव्यावर टिक्क्या. शिजवलेलं पाणी टाकायचं नाही, त्यात दुसऱ्या दिवशीचा भात. शिळा पाव तेलात परतून सुपावर. खर्च बघून मलाच नवल वाटलं. पाव सोडला तर आठवडाभर दुकानाची पायरी चढले नाही.

चिंचेचा गोळाही भिजवला. मसुराला चव आली त्यानं.

पण ताट परत येतं ते अर्धं. टिक्की एक खाल्ली. दुसरी माझ्या ताटात ठेवली, जसा काही माझाच लाड चाललाय.

१२ मार्च

शेंगदाण्याचं दूध केलं. भिजवले, सालं काढली, वाटलं, गाळलं. उकळत्या चहात ओतलं आणि फाटलं! चहावर नुसत्या गुठळ्या. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्याकडे फुंकायला ताकसुद्धा नाही.

ह्यांनी कोराच प्याला. मीही.

१४ मार्च

शिंपिणीकडे गेले होते. तिनं दुधाचा चहा केला, मोठा पेला. विचारलंही नाही मला. किती दिवसांनी! एक घोट घेतला आणि ठेवून दिला. साय नव्हती म्हणून असेल. ती म्हणाली, काय गं, आवडला नाही का? मी म्हटलं, उन्हातून आले, गरम नको वाटतं.

तिचा सल्ला – चोरून घाल दूध भाजीत, पुरुषांना काय कळतं. ह्यांना कळणार नाही? थेंब जिभेवर ठेवून कुठल्या गाईचा ते सांगणारा माणूस. आणि मला चोरून करायचं नाही. बोलून भांडेन, चोरून नाही.

१६ मार्च

जमलं. आणि जमलं म्हणूनच फिसकटलं.

पांढरा राजमा मऊ शिजवला. वाटताना तीळ घातले, थोडं तेल, लसूण. बटाट्याच्या सुपात सोडलं तर काय घट्ट आलं! पांढरंशुभ्र, वर तवंग. चाखून मीच चमकले – थेट सायीचं. ह्यांच्यापुढे ठेवलं. एक चमचा घेतला. दुसरा घेतला. मी पदराआड हसत होते.

तिसऱ्याला थांबले. चमचा खाली ठेवला. म्हणाले, "दूध आणलंस घरात? नको म्हटलं होतं ना मी. कशाला पुन्हा तो त्रास?"

आणि उठून गेले. सूप तसंच.

त्रास! कुणाला त्रास, तर ह्यांना! दोन तास वाटत बसले मी, खांदा भरून आला, आणि वर मीच खोटारडी. एवढ्या संसारात एकदा तरी खोटं बोलले का ह्यांच्याशी? सूप मी एकटीनं संपवलं. रागानं खाल्लं तरी चांगलंच लागलं.

१७ मार्च

अबोला. मुगाची डाळ आणि भात केला. दोघंही मूग गिळून गप्प. निदान पोटात तरी गेले.

१८ मार्च

सकाळी ह्यांना स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसवलं. म्हटलं, बघा. राजमा वाटून दाखवला. बोटावर घेऊन चाखलं, मान हलवली. माफी मागणं यांच्या घराण्यात नाही.

मग म्हटलं, आता हेही बघा, आणि शेंगदाणे वाटायला घेतले. गाळायला मी चहाची गाळणी काढली तशी हे उठले. "याला काय गाळणी म्हणतात?" पडवीत गेले आणि आपलं दुधाचं फडकं घेऊन आले. धुऊन, उकळून ठेवलेलं. पातेल्यावर बांधलं आणि स्वतःच पिळायला बसले. कमरेचं विसरले. हात असे चालत होते – पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्या हातांना काम मिळालं. मी वाटत राहिले. अशा वेळी बोललं की माणूस थांबतो.

पुढचं लिहिताना अजून हसू येतंय. खणातून ती काचेची नळी काढली, दुधात पाणी घातलंय का ते दाखवणारी. लॅक्टोमीटर. शेंगदाण्याच्या दुधात सोडली. डोळे बारीक करून बघितलं. अगदी गंभीरपणे म्हणाले, "पाणी जास्त घातलंयस."

मी पोट धरून हसले. मग हेही हसले.

२० मार्च

पहाटे उठून कॅन धुतला, आणि भरलासुद्धा! शेंगदाणे कमी पाण्यात वाटायचे, मंद आचेवर ढवळत राहायचं, चहात घालायच्या आधी कोमट करायचं – हे सगळं ह्यांनीच शोधलं. फाटत नाही आता. उरलेला चोथा टाकू देत नाहीत. टिक्कीत घाल म्हणतात. चोथा फुकट गेला तर दूधवाल्याचा जीव जातो, गाईपुढे ठेवायची सवय. आता गाईच्या जागी मी.

ओट त्यातच शिजवले. वाटी चाटूनपुसून साफ.

२४ मार्च

आज मागून घेतलं. पांढऱ्या राजम्याचं तेच सूप. वाटी पुढे केली आणि म्हणाले, ‘अजून आहे का?’ मी पाठ फिरवून वाढलं. चेहरा दिसायला नको होता.

सुनेला फोन करून सांगितलं. तीही रडवेली झाली, वेडी.

२७ मार्च

उद्या दवाखाना. पी हळद अन् हो गोरी असं होत नाही हे कळतं मला. तरी सकाळपासून ह्यांच्या गालांकडेच बघतेय. दुपारी तिळाचं वाटण लावून भरलेले बटाटे केले, रात्रीसाठी हरभरे शिजवलेत. ह्यांनी विचारलं, आज काय मेजवानी आहे का? हो म्हटलं.

२८ मार्च

भरलं वजन! थोडंच, पण काटा उजवीकडे गेला. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली, पुढच्या महिन्यातली. विचारलं, दूध-अंडी वाढवलीत वाटतं? हे छाती काढून म्हणाले, "शेंगदाणे, राजमा आणि तीळ. घरी माणूस आहे माझं." बाहेर लोक बसले होते, सगळ्यांसमोर. मला कुठे बघू असं झालं.

२९ मार्च

सकाळी चहाला बसलो. मी थट्टेनं म्हटलं, जिंकलात, आता तरी सोडा हट्ट, चहापुरतं दूध आणू का?

ह्यांनी कप खाली ठेवला. "माझा कसला हट्ट? मी कुठलंही प्यालो असतो. त्या दिवशी शेगडीपाशी तू रडत होतीस. दूध बघवत नव्हतं तुला. म्हणून बंद केलं."

मी म्हटलं, काहीतरीच, कांदा कापत होते मी. विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं.

‘बरं’ म्हणाले, आणि माझ्या कपात शेंगदाण्याचं दूध घातलं. थोडं जास्तच.

घरात कांदा नव्हता त्या दिवशी.