फ्रीडेनाऊची शंभरी

ज्याने मातीत श्वास फुंकला आणि ज्याला तो परत मागण्याचा अधिकार आहे, त्या परमेश्वराला स्मरून मी, गॉटहोल्ड झिल्म, शेतकरी व चर्चच्या मंडळीचा वडील, देहाने खचलेला परंतु बुद्धीने शाबूत, कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो.

१. दक्षिण ऑस्ट्रेलियात परगण्याच्या विभागास सरकार हंड्रेड, म्हणजे शंभरी म्हणते. माझे घर व गव्हाची जमीन फ्रीडेनाऊच्या शंभरीत आहे. शंभर कुटुंबे नांदावीत म्हणून शंभरी, असे वडील सांगत. आणि फ्रीडेनाऊ म्हणजे शांतीचे कुरण. महायुद्धात जर्मनी शत्रू ठरली म्हणून हे जर्मन नाव पुसून तेथे एका सेनापतीचे नाव घातले गेले. ते या कागदावर मी लिहिणार नाही. पुढे पावसानेही पाठ फिरवली आणि घरे एकेक करून उठली. बायबलात, पापी नगराचा नाश टळावा म्हणून देवाशी घासाघीस करणारा आमचा कुलपिता, तेथे दहा भली माणसे असली तरी नगर राखावे, इथवर येऊन थांबला. मी एकावर आलो आहे, आणि वरून उत्तर नाही.

२. नाव बदलण्याच्या अर्जावर पहिली सही करणारा ऑगस्ट शिर्मर, यास माझ्या घोड्याची झापडे द्यावीत. त्यास सवय आहे.

३. मला पत्नी अर्नेस्टीनशेजारी पुरावे. तिच्या शिळेवर फ्रीडेनाऊ आहे. माझ्याही शिळेवर तेच कोरावे. नाव टिकवावयास आता दगडच उरले आहेत.

४. घर व जमीन पुत्र योहानेस यास, जो शहरात स्वतःस जॅक म्हणवतो व जन्मगाव विचारल्यास सेनापतीचे नाव सांगतो. अट एकच: त्याने येथे राहावे व गावाचे खरे नाव सांगावे. अन्यथा सर्व मंडळीस जावे.

५. साक्षीदार दोन हवेत आणि शंभरीत माणूस नाही. टपालवाले ग्रोगन थांबले. भेटीस आलेला योहानेस म्हणाला, "आणा इकडे बाबा, दुसरी सही मी करतो."

"वेड्या, साक्षीदाराला वारसा मिळत नाही!"

"म्हणूनच तर करतो. त्या धुळीत काय पेरू? शंभरी भरली, बाबा. चला माझ्याबरोबर."

"जॅक, बापाशी असं बोलतात होय रे?" ग्रोगन म्हणाले.

"मग तुम्ही घ्या जमीन, काका!"

ग्रोगन टपालाची थैली आवरू लागले. मी लेखणी मुलाच्या हाती देत आहे. सहीस दुसरा हात नाही.

ठिकाण: फ्रीडेनाऊ
दिनांक: १४ नोव्हेंबर १९२९
(सही) गॉटहोल्ड झिल्म

आम्हा दोघांदेखत वरील सही झाली:

(सही) टिमथी ग्रोगन, टपालवाहक, राहणार टेरोवी

(सही) योहानेस झिल्म, भट्टीकामगार, हल्ली राहणार पोर्ट पिरी. जन्म फ्रीडेनाऊच्या शंभरीत